गल्लीतला धंदा आणि अडकलेलं बिल : ४५ दिवसांचा नियम काय सांगतो?

बेळगाव : शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांत यंत्रमागाची खटखट हेच सकाळचं घड्याळ. मागावर एकच माणूस दिसतो. पण कांड्या भरणारी घरातली बाई, बीमचे धागे जोडणारा, माग दुरुस्त करणारा जॉबर, साड्यांचे गठ्ठे बांधणारा आणि कोपऱ्यावरचा चहावाला, एवढ्या जणांचं पोट त्यावरच चालतं. उद्यमबागेत यंत्र वेगळं, हिशेब तोच. मोठ्या कारखान्यासाठी सुटे भाग कातून देणारी छोटी शेड आणि तिथले दोन-तीन कामगार.

असा धंदा बंद पडला की सुरतेची स्वस्त साडी, महाग सूत, वीजदर अशी कारणं निघतात. ती खोटी नाहीत. पण वही उघडली तर बऱ्याचदा काम असतं, थोडा नफाही असतो; नसते ती रोकड. माल गेला, बिल गेलं आणि मग "पुढच्या आठवड्यात बघू" सुरू. तोवर विजेचं बिल थांबत नाही, कामगाराचा पगार थांबत नाही. मग सोसायटीचं कर्ज काढायचं. म्हणजे मोठ्या खरेदीदाराला बिनव्याजी भांडवल पुरवायचं गल्लीतल्या माणसाने, आणि व्याजही त्यानेच भरायचं!

यावर कायदा आहे, आणि तो २००६ पासून आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली की लेखी करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. "आमच्यात ९० दिवसांची पद्धत आहे" हे वाक्य बाजारात चालतं, कायद्यात नाही.

तक्रार ऑनलाइन करता येते; ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. सीमाभागातल्या वाचकांनी यातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. अधिकार पुरवठादार जिथला, तिथल्या परिषदेला असतो. खरेदीदार देशात कुठेही असो. वडगावच्या विणकराचे पैसे पुण्याच्या व्यापाऱ्याकडे अडकले तर त्याला पुण्याला खेपा घालायची गरज नाही, कर्नाटकातच दाद मागता येते. परिषदेचा निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल, तर आधी निकालाच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

हे सगळं मिळायचं तर 'उद्यम' नोंदणी हवी, आणि ती माल देण्याआधीच केलेली बरी. आधार आणि पॅनवर ती ऑनलाइन होते, पूर्णपणे मोफत. जीएसटी लागू नसेल तर त्याचा क्रमांकही लागत नाही. हजार-दोन हजार घेऊन 'सर्टिफिकेट काढून देतो' म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हणावं. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी अशी आहे. गल्लीतला जवळपास प्रत्येक कारखाना त्यात बसतो.

खरेदीदारालाही चिमटा आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीनुसार मुदतीत न दिलेलं बिल त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजावट मिळते. कागदावर नियम छान. पण तो आला तेव्हा कापड बाजारात उलटंही घडलं. काही व्यापाऱ्यांनी नोंदणी नसलेल्याकडून माल घ्यायला सुरुवात केली. एकाच गिऱ्हाइकावर जगणारा माणूस तक्रार करायला कचरतो, त्याचं कारण यातच आहे. निदान चार गिऱ्हाइकं झाली की बोलायची ताकद येते.

किराणा दुकानदार, कापड दुकानदार यांना मात्र हा ४५ दिवसांचा आधार नाही. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी आहे. त्यात वेळेवर फेड केली की १५ हजार, २५ हजार, ५० हजार असे टप्प्याटप्प्याने कर्ज मिळते, शिवाय ७ टक्के व्याज अनुदान. योजना मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे.

आणि आपण गिऱ्हाईक? मॉलमध्ये कार्ड घासून क्षणात पैसे देतो, गल्लीतल्या टेलरला मात्र "दिवाळीनंतर बघू की" सांगतो. त्याच्या दारात पिग्मीवाला रोज येतो, हे आपल्याला दिसत असतं.

तक्रारीची वेळ आलीच तर कामाला येतात ते कागद साधे आहेत. ऑर्डरचा पुरावा, मग तो व्हॉट्सॲपवरचा असला तरी जपून ठेवावा. बिलावर उद्यम क्रमांक छापावा. आणि माल पोचल्याची तारीखवार सही चलनावर घ्यावी, कारण दिवस मोजायला सुरुवात होते ती तिथूनच.