पीएचडीनंतरची उमेदवारी

नात्यातली एखादी मुलगी परदेशात 'पोस्टडॉक' करते आहे असं कळलं की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे पीएचडी होऊनही अजून शिकतेच?" मी पडलो मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर. पण आपल्याकडे यासाठी छान शब्द आहे : उमेदवारी. सुतार, शिंपी, वकील सगळेच ती करत. मुरलेल्या माणसाच्या हाताखाली, तुटपुंज्या पैशात राबायचं आणि मग स्वतःचं दुकान थाटायचं.

जीवशास्त्रातल्या या उमेदवारीचं मोल हरगोविंद खोराना यांच्या आयुष्यावरून कळतं. जन्म १९२२ चा, मुलतानजवळच्या रायपूर नावाच्या खेड्यात. वडील पटवारी, म्हणजे आपले तलाठी. सरकारी शिष्यवृत्तीवर खोराना लिव्हरपूलला गेले आणि १९४८ साली पीएचडी झाले. मग झुरिकला प्रेलॉग यांच्याकडे जवळजवळ वर्षभर उमेदवारी केली, तीही बिनपगारी!

१९४९ मध्ये ते भारतात परतले. गाव फाळणीत पाकिस्तानात गेलेलं. इथे मनाजोगं काम मिळेना. शेवटी केंब्रिजला टॉड यांच्या प्रयोगशाळेत शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुन्हा निघाले. १९५० ते १९५२ ही तिथली दोन वर्षं. प्रथिनं आणि न्यूक्लिइक आम्लं यांची गोडी त्यांना तिथेच लागली. पुढे कॅनडात व्हँकूव्हरला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, १९६० साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठ. पेशी जनुकांची 'लिपी' वाचून प्रथिनं कशी बनवते, हे उलगडण्याच्या कामासाठी १९६८ चं नोबेल त्यांना होली आणि निरेनबर्ग यांच्यासोबत मिळालं.

गोष्ट इथे संपत नाही. १९५६ साली मायकेल स्मिथ नावाचा इंग्रज तरुण पीएचडी करून जागा शोधत होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काही जमलं नाही. खोरानांकडे एक जागा असल्याचं कळलं आणि तो व्हँकूव्हरला आला. याच स्मिथना १९९३ साली नोबेल मिळालं. जनुकात नेमक्या जागी हवा तो बदल करण्याची पद्धत त्यांनी शोधली होती. ज्याने बिनपगारी उमेदवारी केली, त्यानेच पुढे दुसऱ्याला उमेदवारीची जागा दिली!

वर्गात खोरानांचं नाव मी मोठ्या अभिमानाने सांगत असे. आता वाटतं, त्याबरोबर १९४९ सालही सांगायला हवं होतं. देश नवा होता, ओढाताण होती, सगळं मान्य. पण त्या माणसाला हवं होतं ते काय? एक टेबल, चार काचेची भांडी आणि दोन वर्षं पुरेल इतकी शिष्यवृत्ती. ते केंब्रिजने दिलं.

नोबेल मिळाल्यावर हार घालायला सगळेच पुढे असतात. कोणी ओळखत नसताना दोन वर्षांची जागा देणारा विरळा. 'उमेदवारी' या शब्दातच 'उमेद' आहे. ती टिकायची तर कोणीतरी दार उघडावं लागतं.