सुप्रजननशास्त्र आणि जातिसमर्थन

नैसर्गिक निवडीचा सिद्धांत व त्यातून निघालेला सुप्रजननविचार (निवडक प्रजोत्पादनातून वंश सुधारण्याची कल्पना) यांचा आधार घेऊन जातिव्यवस्था शास्त्रसिद्ध ठरवण्याचा प्रयत्न. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने जोर धरला. ‘सर्वांत लायक तो टिकतो’ हा शब्दप्रयोग डार्विनचा नव्हे. हर्बर्ट स्पेन्सरने तो १८६४ मध्ये केला आणि डार्विनने आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारला. त्यातला ‘लायक’ म्हणजे विशिष्ट परिस्थितीत अधिक संतती मागे ठेवणारा जीव. श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निवाडा त्यात नाही. तो बाहेरून चिकटवला गेला.

मराठीतील मांडणी : गोपाळ गणेश आगरकरांवर स्पेन्सरचा ठसा होता, पण उत्क्रांतीची कल्पना त्यांनी रूढींविरुद्ध वापरली. त्यांना या पंथात बसवणे अन्यायाचे ठरेल. ना. सी. फडके यांच्या ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ (१९२७) या इंग्रजी ग्रंथात सुप्रजननाच्या चळवळीचा पुरस्कार आहे; त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना आहे. गो. म. जोशी यांनी ‘हिंदूंचे समाजरचनाशास्त्र’मध्ये जातींतर्गत विवाहाचे समर्थन आनुवंशिकतेच्या आधारे केले.

नाकाचे माप : या वादातील सर्वांत ठोस पुरावा मापांचा आहे. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की नासिका-निर्देशांक मिळतो. नाक जितके बसके, तितका आकडा मोठा. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी, जातीची प्रतिष्ठा जसजशी उतरते तसतसा हा आकडा चढतो, असा नियम मांडला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये तीच मापे प्रांतवार लावून पाहिली. उत्तर हिंदुस्थानाबाहेर, महाराष्ट्रातही, हा नियम टिकत नाही असे त्यांना आढळले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये घुर्ये यांचेच आकडे घेतले आणि ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्यच, असा निष्कर्ष काढला. प्रतिपक्षाचेच हत्यार घेऊन केलेले हे खंडन मानवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे.

आंबेडकरांचा युक्तिवाद : लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण तेथे होऊ न शकलेले भाषण आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतः छापले. त्यात सुप्रजननाचा दावा त्यांनी थेट तपासला आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मग जात वंशशुद्धी राखते ती कोणाची? बेटीबंदीला रक्ताचे कारण सांगता येईल, पण रोटीबंदीला काय? एका पंक्तीत जेवल्याने रक्त बिघडत नाही. शिवाय जातीने उत्तम प्रजा निर्माण केली असती, तर देशातील बहुसंख्य माणसे सैनिकी सेवेला शरीराने अपात्र ठरली नसती. या मुद्द्यांना जातिसमर्थकांकडून पुरेसे उत्तर आलेले दिसत नाही.

इरावती कर्वे : बर्लिनमध्ये मानवशास्त्रज्ञ ओयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर प्रबंध लिहिला. फिशर यांचे लेखन पुढे नाझी वंशधोरणाला पोषक ठरले. असमानतेचा वंशाशी संबंध असावा ही फिशर यांची अटकळ. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध नाही असे गुरूलाच लिहून दिले. मायदेशी त्यांनी मापनाचे काम चालू ठेवले. महाराष्ट्रातील एकाच धंद्याच्या, एकाच नावाच्या जाती एका मुळातून फुटलेल्या नाहीत, हे त्यांचे प्रतिपादन ‘धंद्याचे गुण रक्तात उतरतात’ या समजुतीच्या मुळावर येते.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) : निजामी अमलातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये महाविद्यालय काढले, तेच मिलिंद महाविद्यालय. ज्यांच्या घराण्यात अक्षरओळख नव्हती अशी मुले त्याच्या नागसेनवन या परिसरातील वसतिगृहांत राहून पदवीपर्यंत गेली. बुद्धी जातीनुसार उतरते असे मानणाऱ्यांनी येथील पिढ्यांचा अभ्यास करायला हवा होता. गंगाधर पानतावणे यांचे दलित साहित्याला वाहिलेले ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिकही याच शहरातून निघत असे.

गुन्हेगार जमाती : १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. यामागे आनुवंशिकतेची जीवशास्त्रीय कल्पना होती की जातीगणिक धंदा ही जुनी धारणा, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.