लायसन्स आहे, तरी सॉफ्टवेअर का चालत नाही? एका कुलपाची गोष्ट

हार्डवेअर डिझाइनमध्ये संशोधन करायचं ठरवलं की पहिली गाठ सर्किटशी नाही, लायसन्सशी पडते. लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकलं, लायसन्सची फाईल रीतसर मिळाली, तरी 'लायसन्स सापडलं नाही' असंच उत्तर येतं. असं का होतं, हे कळायला थोडा इतिहास बघावा लागतो.

१९७३ मध्ये बर्कले विद्यापीठात स्पाइस हा सर्किट तपासणारा प्रोग्राम तयार झाला. तो सोर्स कोडसकट जवळपास फुकटच वाटला गेला. १९८० च्या दशकात मात्र चिप डिझाइनची सॉफ्टवेअर कंपन्यांकडे गेली आणि महाग झाली. लॅबमध्ये वीस मशीन आणि लायसन्स पाचच, मग हिशेब कोण ठेवणार? त्यासाठी १९८८ मध्ये फ्लेक्सएलएम आलं. वाचनालयासारखंच: एकाने पुस्तक नेलं की दुसऱ्याने थांबायचं. आणि फाईल दुसरीकडे चालू नये म्हणून ती सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या मॅक नंबरला बांधली.

हे कुलूप बनलं युनिक्सच्या काळात. पुढे लिनक्स बदलत गेलं, कुलूप तिथेच राहिलं. नेहमीच्या तीन अडचणी त्यातूनच आल्या.

पहिली: २०१३ पासून सिस्टमडीने नेटवर्क कार्डांना नवी नावं द्यायला सुरुवात केली. 'ईटीएच०' जाऊन 'ईएनपी३एस०' सारखं काहीतरी आलं. जुनी सॉफ्टवेअर 'ईटीएच०' च शोधतात, ते नसलं की मशीनचा नंबर रिकामा किंवा सगळी शून्यं दिसतो. उपाय म्हणजे यूडेव्ह नियमाने कार्डाला जुनं नाव परत देणं.

दुसरी: लायसन्स मॅनेजर लिनक्स स्टँडर्ड बेसच्या लोडरवर अवलंबून असतो. २०१५ मध्ये डेबियनने त्या स्टँडर्डचा बहुतेक आधार काढून टाकला. म्हणून फाईल डोळ्यांसमोर असूनही 'अशी फाईल नाही' असं उत्तर येतं. हरवलेली असते ती लोडरची फाईल. त्या नावाची लिंक सिस्टमच्या लोडरकडे केली की काम होतं.

तिसरी: काही आवृत्त्या 'यूएसआर' मधल्या 'टेम्प' फोल्डरात कुलपाची फाईल लिहितात. आजच्या अनेक लिनक्समध्ये ते फोल्डरच नसतं. ते बनवा, लिहिण्याची परवानगी द्या.

म्हणून आधी लॉग वाचा. सगळं पुन्हा इन्स्टॉल करत बसण्यात दोन दिवस जातात आणि कारण तिथेच राहतं. मशीन बदललं असेल तर कंपनीकडून फाईल नव्या नंबरावर बदलून घ्या. खोटा मॅक नंबर लावणं हा कराराचा भंग आहे.

पण खरा प्रश्न पुढे आहे. पीएचडी चार-पाच वर्षं चालते, लायसन्स बहुधा वर्षाचं. ते संपलं की आपलीच डिझाइन फाईल आपल्याला उघडत नाही, आणि परीक्षकाला निकाल पडताळता येत नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम इथे महत्त्वाचं ठरतं. त्यात कायकॅड आणि एनजीस्पाइस आहे, म्हणजे बर्कलेच्या त्या स्पाइसचाच वारसा. मोठ्या चिपसाठी ते पुरत नाही, हे खरं. पण सर्किट शिकायला आणि पहिला शोधनिबंध लिहायला पुष्कळ झालं.

१९४५ मध्ये आपल्या अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली विप्रो १९८० च्या दशकात संगणक बनवू लागली. तिला त्यासाठी भांडवल लागलं. आज इथल्या विद्यार्थ्याला सर्किट करून बघायला एक साधा लॅपटॉप पुरतो, फक्त कुठलं काम कुलपाआड ठेवायचं आणि कुठलं नाही, हे सिनॉप्सिस लिहितानाच ठरवायला हवं.