वर्ध्यास आलेले दोन पाहुणे

१९३६-३७ च्या हिवाळ्यांत दोन कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थ गांधीजींच्या भेटीसाठीं वर्ध्यास आले : हॉवर्ड विद्यापीठाचे बेंजामिन मेझ आणि वाय. एम. सी. ए. चे चॅनिंग टोबायस. म्हैसूरच्या एका परिषदेसाठीं त्यांचें हिंदुस्थानांत येणें झालें होतें. मेझ यांचे आईबाप गुलामगिरींत जन्मलेले. अहिंसेचें शिक्षण एका माणसास देतां येईल. पण साऱ्या समाजास तें कसें द्यावें, हें त्यांना जाणून घ्यावयाचें होतें. अस्पृश्यतेशीं झुंजणारे गांधीजी जातिसंस्थेवरच घाव कां घालीत नाहींत, असेंही मेझ यांनीं विचारलें. पाहुण्यानें यजमानास असें विचारणें सोपें नव्हे!

याच प्रवासांत म्हैसूरकडे अस्पृश्य मुलांच्या एका शाळेंत मुख्याध्यापकांनीं त्यांची ओळख करून दिली ती अस्पृश्य म्हणूनच. मेझ चपापले, थोडे रागावलेही. मग त्यांना उमगलें, कीं मायदेशीं आपली गत हीच आहे.

१९४० सालीं ते अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. मंगळवारच्या प्रार्थनासभेंत ते विद्यार्थ्यांपुढें बोलत. १९४४ सालीं त्या विद्यार्थ्यांत पंधरा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग येऊन बसूं लागला.