सरकलेल्या कुंपणाची राखण : पॉइंट रेज राष्ट्रीय सागरकिनाऱ्याची वाटचाल

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर बेअर व्हॅली हे कुरणांचे खोरे आहे. तिथल्या माहिती केंद्राजवळून जेमतेम एक किलोमीटरची, वळसा घेऊन परत येणारी एक पायवाट निघते. तिचे नाव ‘अर्थक्वेक ट्रेल’. झाडांच्या सावलीतून, गवताच्या कडेने चालताना एके ठिकाणी लाकडी कुंपण अचानक तुटते. त्याचा पुढचा भाग सरळ रेषेत नाही, तर सुमारे १६ फूट बाजूला आहे. ज्याने ते घातले त्याने सरळच घातले होते. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी त्याच्याखालची जमीन सरकली. आज दिसते ते कुंपण नव्याने उभारलेले आहे, पण अंतर मात्र त्या पहाटेचे आहे.

ही खूण जपणारी संस्था म्हणजे पॉइंट रेज राष्ट्रीय सागरकिनारा. हा किनारा जनतेसाठी राखावा, असा विचार अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेत १९३५ पासून मांडला जात होता. प्रत्यक्षात यायला २७ वर्षे लागली. स्थानिक काँग्रेस सदस्य क्लेम मिलर यांनी विधेयकाचा नेटाने पाठपुरावा केला आणि १३ सप्टेंबर १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यावर सही केली. महिनाही उलटला नाही तोच, ७ ऑक्टोबरला, मिलर विमान अपघातात गेले. ज्या किनाऱ्यासाठी ते झटले, तिथेच समुद्राकडे तोंड करून त्यांची समाधी आहे.

कायदा झाला, पण जमीन हाती यायची होती. ५३,००० एकरांसाठी १.४ कोटी डॉलर मंजूर झाले होते. जमिनीचे भाव चढत गेले, पैसा संपला, आणि राखीव क्षेत्र ठिगळांसारखे तुकड्यातुकड्यांत उरले. तेव्हा स्थानिक नेते पीटर बेर यांच्या पुढाकाराने ‘सेव्ह अवर सीशोर’ ही मोहीम उभी राहिली. मिलर यांच्या पत्नीही या लढ्यात उतरल्या. लाखो सह्या गोळा झाल्या. एप्रिल १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वाढीव निधीवर सही केली आणि मोडता मोडता उद्यान सावरले. १९७६ मध्ये यातला मोठा भाग ‘वन्य क्षेत्र’ म्हणून कायमचा राखला गेला. १९८३ मध्ये बेअर व्हॅलीत गोठ्याच्या घाटाचे माहिती केंद्र उभे राहिले. आज उद्यानाचा विस्तार सुमारे ७१,००० एकर आहे.

किनारे अनेक ठिकाणी राखले जातात. पॉइंट रेजचे वेगळेपण त्याच्या सीमेवर आहे. उद्यान आणि मुख्य भूमी यांच्यामधून सॅन अँड्रियास प्रस्तरभंग, म्हणजे जमिनीतली मोठी भेग, जाते. भूवैज्ञानिक अँड्र्यू लॉसन यांनी १८९५ मध्ये तिला हे नाव दिले. ओलेमाचे खोरे, टोमालेस उपसागराची लांबट, अरुंद पट्टी हे सारे याच भेगेच्या रेषेत आहे. पूर्वेकडचे खडक वेगळे, पश्चिमेकडचे वेगळे. पश्चिमेचा ग्रॅनाइट सुमारे ५०० किलोमीटर दक्षिणेच्या तेहाचापी डोंगरांतल्या खडकाशी जुळतो. भूकंपामागून भूकंप असे सरकत सरकत पॉइंट रेजचे भूशिर इथवर आले आहे.

१९०६ च्या भूकंपात ही भेग सुमारे ४७० किलोमीटर लांब फाटली. ३,००० हून अधिक माणसे गेली. लॉसन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. ओलेमाचा परिसर भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी पायी पालथा घातला. कुंपणे, रस्ते, पायवाटा कुठे किती सरकल्या ते त्यांनी मोजले आणि छायाचित्रे काढली. अशाच मोजमापांवरून आयोगातले हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये ‘इलॅस्टिक रिबाउंड’चा सिद्धांत मांडला. भेगेच्या दोन्ही बाजूंची जमीन वर्षानुवर्षे वाकवलेल्या वेताच्या छडीसारखी ताण साठवते. घर्षण हरले की ती झटक्यात सरळ होते. तो झटका म्हणजे भूकंप. जगभरच्या भूकंपशास्त्राच्या पायाशी गुराख्यांची अशी साधी कुंपणे आहेत.

या भूकंपात एक गाय भेगेत गडप झाल्याची गोष्ट इथे फार गाजली. पुढे तिच्यावर शंकाही घेतली गेली. आपल्याकडे सीतेला धरणीने पोटात घेतले, त्यामुळे जमीन दुभंगून गिळते हे चित्र मनात आधीपासूनच असते. ही पायवाट ते चित्र दुरुस्त करते. इथे जमिनीने जबडा उघडला नाही, तिच्या दोन बाजू एकमेकींना घासून गेल्या. वाटेवरचे निळे खांब ती रेषा दाखवतात. कुठल्याही बाजूला उभे राहून पाहा, पलीकडची बाजू उजवीकडेच गेलेली दिसते.

या संस्थेचे सर्वांत मोठे काम मला हेच वाटते. संकटानंतर ढिगारे उपसून, सपाटी करून विसरून जाणे सोपे असते. इथे मोडलेली रेषा मोडलेलीच दाखवली जाते, आणि भीती न घालता समजावली जाते. कोयनेची ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आणि किल्लारीची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी सोसली, त्यांना याचे मोल सांगायला नको. भूकंपाची खूण डोळ्यांसमोर असली की घर मजबूत बांधण्याचे भान पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

बे एरियात मुलांकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांची यादी गोल्डन गेटपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. त्यांना मनापासून सांगणे आहे की अर्धा दिवस पॉइंट रेजसाठी राखून ठेवा. वाट पक्की आणि सपाट आहे, चाकाची खुर्चीही जाते. नातवंडांना बरोबर न्या, त्या कुंपणाच्या दोन टोकांमधले अंतर त्यांना पावलांनी मोजू द्या.