खडीचा पोहोच रस्ता

खडीचा पोहोच रस्ता म्हणजे सार्वजनिक रस्त्यापासून घर, गोठा किंवा शेतघरापर्यंत फोडलेल्या दगडाचे थर दाबून केलेला खाजगी रस्ता होय. महाराष्ट्रात या कामास खडीकरण म्हणतात. विदर्भात खडीऐवजी गिट्टी हा शब्द रूढ आहे. काम बहुधा स्थानिक ठेकेदाराकडून करून घेतले जाते. रस्त्याचे आयुष्य ज्या थरांवर अवलंबून असते ते काम संपल्यावर दिसत नाहीत. म्हणून मोजमाप आणि देयकाच्या अटी यांना या विषयात बांधणीइतकेच महत्त्व आहे.

इतिहास

फोडलेल्या दगडाच्या रस्त्याची आधुनिक पद्धत स्कॉटिश अभियंता जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) याच्या नावाने ओळखली जाते. खालची जमीन कोरडी राहिली तर तीच भार पेलते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यामुळे त्याने पायातील मोठे दगड वगळले, रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच ठेवला आणि सहा औंसांहून (सुमारे १७० ग्रॅम) जड दगड वापरण्यास मनाई केली. त्याचा समकालीन टॉमस टेलफर्ड मात्र हाताने रचलेल्या मोठ्या दगडांचा पाया आवश्यक मानी. महाराष्ट्रात खडीखाली जे दगडी ‘सोलिंग’ करतात ते टेलफर्डच्या मताला जवळचे आहे.

दगडफोडीची यंत्रे येण्यापूर्वी खडी हातोड्याने फोडली जाई. दगडाच्या व मातीच्या कामात वडार समाजाचे कौशल्य पिढीजात होते. तुरुंगातील सक्तमजुरीतही खडी फोडावी लागे. ‘खडी फोडायला पाठवणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला.

रचना

दख्खनच्या पठारावर खडीसाठी काळा बेसॉल्ट आणि भरावासाठी त्याचीच झीज होऊन बनलेला मुरूम सहज मिळतो. खरी अडचण काळ्या मातीची असते. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेली खडी एका पावसाळ्यात चिखलात रुतते. अशा जागी वरची माती काढून मुरमाचा भराव दाबून घेणे, आणि भार अधिक असल्यास सोलिंग करणे, क्रमप्राप्त ठरते. हा खर्च अंदाजपत्रकातून वगळला की दर स्वस्त दिसतो.

वरच्या थरासाठी पाणीबद्ध मॅकॅडम (बोलीभाषेत ‘डब्ल्यूबीएम’) ही पद्धत प्रचलित आहे. तिचे निकष इंडियन रोड्स काँग्रेस (स्थापना १९३४) या संस्थेच्या १९ क्रमांकाच्या संहितेत दिले आहेत. ६३ ते ४५ किंवा ५३ ते २२.४ मिलिमीटर आकाराची खडी पसरून रोलर कडेकडून मध्याकडे फिरवतात. नंतर फटींत कच भरून, पाणी मारून पुन्हा दबाई करतात आणि शेवटी बारीक मुरमाने थर बांधून घेतात. दाबलेल्या थराची जाडी ७५ मिलिमीटर असते. जेसीबी पुढेमागे फिरवणे म्हणजे दबाई नव्हे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. लहान कामांत रोलरचे भाडे वाचवण्यासाठी हीच पळवाट सर्रास काढली जाते.

पाणी वाहून जाण्यासाठी रस्त्याचा मध्य उंच ठेवतात. जास्त पावसाच्या प्रदेशात हा उतार सुमारे ३ टक्के धरतात. म्हणजे तीन मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा साडेचार सेंटिमीटर उंच हवा. दोन्ही बाजूंस चर काढावा लागतो. पोहोच रस्ता जेथे मुख्य रस्त्याला मिळतो तेथे मुख्य रस्त्याचे गटार बुजू नये म्हणून नळ्यांची मोरी घालतात.

मोजमाप

खडी व मुरूम ‘ब्रास’ या मापाने विकले जातात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. ६० मीटर लांब व ३ मीटर रुंद रस्त्यावर ७५ मिलिमीटरचा थर म्हणजे १३.५ घनमीटर, अर्थात ४.८ ब्रास, असा हिशेब सहज मांडला जातो आणि तो चुकीचा आहे. सैल खडी दाबल्यावर बसते. प्रचलित प्रमाणानुसार दर १० चौरस मीटरच्या ७५ मिलिमीटर थरास ०.९१ ते १.०७ घनमीटर सैल खडी लागते. त्यामुळे वरील रस्त्यास ५.८ ते ६.८ ब्रास खडी हवी. ४.८ ब्रासमध्ये काम उरकल्यास थर जेमतेम ५३ ते ६२ मिलिमीटर भरतो.

खेपेवर दर ठरवणे त्याहून घातक असते. १२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ३ फूट उंच हौद्यात २.५२ ब्रास माल मावतो. तोच हौदा अर्धा फूट कमी भरला तर २.१ ब्रासच येतो, आणि खेप मात्र एकच मोजली जाते. माल ओतण्यापूर्वी हौद्याची मापे घेणे आणि देयक दाबलेल्या जाडीवर ठरवणे हा त्यावरील उपाय आहे. जाडी तपासण्यासाठी दोन-तीन ठिकाणी लहान खड्डे घेऊन ते पुन्हा भरतात. प्रामाणिक ठेकेदाराची त्यास हरकत नसते.

करार व परवानग्या

लहान कामे अजूनही तोंडी बोलीवर आणि विसार देऊन ठरतात. लेखी करारात लांबी-रुंदी, प्रत्येक थराची दाबलेली जाडी, खडीचा आकार, रोलर व पाणी कोणी पुरवायचे, आणि चर-मोरी दरात धरली आहे की नाही, हे स्पष्ट असावे. दराची वाजवी कल्पना सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून येते. सरकारी कामांतील दोषदायित्व कालावधीच्या धर्तीवर रकमेचा काही भाग पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवणे इष्ट असते. खाजगी कामात ही अट आधी लिहिली नसेल तर नंतर मान्य होत नाही.

खडी व मुरूम ही गौण खनिजे आहेत. त्यांच्या वाहतुकीस परवाना लागतो आणि शासनास स्वामित्वधन भरावे लागते. विनापरवाना उत्खनन व वाहतुकीवर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये दंड होतो, म्हणून पावत्यांच्या प्रती मालकानेही जपाव्यात. रस्ता दुसऱ्याच्या बांधावरून जात असल्यास वाटेचा हक्क आधी निश्चित करावा लागतो. याच संहितेच्या कलम १४३ अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. असलेली वाट कोणी अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ लागू पडते. वाटेचा वाद मिटण्याआधी टाकलेली खडी अनेकदा शेजाऱ्याच्या बांधावर पडून राहते.

देखभाल

पावसाळ्यानंतर चरांतील गाळ काढणे, चाकोऱ्या भरणे आणि उखडलेली खडी मुरमासह पुन्हा दाबणे एवढी देखभाल पुरते. खड्ड्यात नुसता मुरूम टाकल्यास तो पहिल्याच सरीत वाहून जातो. एकाच जागी पुन्हा पुन्हा खड्डा पडत असेल तर तेथे सहसा पाणी मुरत असते. अशा वेळी आधी चर तपासतात, मग खडी घालतात.