वारली धर्मश्रद्धा व तिचे नामाभिधान

महाराष्ट्राच्या पालघर व ठाणे जिल्ह्यांत, नासिकच्या पश्चिम पट्ट्यात आणि लगतच्या गुजरात व दादरा-नगरहवेलीच्या प्रदेशांत वारली ही आदिवासी जमात राहते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात तिची संख्या सुमारे ८ लाख होती. डहाणू, तलासरी, जव्हार व विक्रमगड हे तालुके तिचे मुख्य वसतिस्थान असले, तरी वसई तालुक्याच्या पूर्वेकडील तुंगारेश्वराच्या डोंगराळ भागातही वारल्यांचे पाडे आहेत. त्यांच्या शेजारी मल्हार कोळी व कातकरी या जमातीही राहतात. वारल्यांच्या धर्मश्रद्धेला कोणते नाव द्यावे, हा प्रश्न गेली सुमारे पावणेदोनशे वर्षे मिशनरी, प्रशासक, मानवशास्त्रज्ञ व राजकीय पुढारी यांनी वेगवेगळ्या प्रकारे सोडविण्याचा प्रयत्न केला. श्रद्धा तीच राहिली. नावे मात्र बदलत गेली. या नामांतरांचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे.

वारल्यांच्या दैवतांत हिरवा, हिमाय, नारनदेव, वाघदेव, धरतरी, कणसरी व गावदेवी ही प्रमुख होत. मोराच्या पिसांचा जुडगा हे हिरव्याचे प्रतीक मानले जाते. नारनदेव पावसाशी, धरतरी भूमीशी व कणसरी धान्याशी संबद्ध आहे. वाघदेवाचे स्थान बहुधा रानात किंवा गावाच्या शिवेवर असते. तेथे शेंदूर लावलेला दगड अथवा वाघाचे चित्र कोरलेली लाकडी फळी वा शिळा आढळते. नवे धान्य देवाला दाखविल्यावाचून खाऊ नये, असा संकेत आहे. कणसरीची कथा भगत घांगळी या तंतुवाद्याच्या साथीने गातो. विवाहप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर लग्नचौक लिहितात. त्यात पालघाट देवीची आकृती असते, तर शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव असतो. लग्नविधीत पुरोहिताचे काम धवलेरी ही सुवासिनी करीत असे. या श्रद्धेला धर्मग्रंथ वा संस्थापक नाही, मठ किंवा धर्मपीठ नाही आणि अनुयायांनी स्वतः घेतलेले वेगळे धर्मनामही नाही. आपण कोण, या प्रश्नाला वारली माणूस परंपरेने जमातीचे, कुळाचे किंवा पाड्याचे नाव सांगत आला. देवांविषयीच्या प्रश्नाला देवांची नावे. या दोहोंना एका शब्दात गोवण्याची गरज त्याला कधी पडली नव्हती.

ती गरज बाहेरच्यांना पडली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन (१८०४–७५) यांनी उत्तर कोकणातील वारली व कातकरी या जमातींची माहिती गोळा केली. ती १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने या माहितीचा उपयोग केला. दरम्यान एडवर्ड टायलर (१८३२–१९१७) या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये आपल्या प्रिमिटिव्ह कल्चर या ग्रंथात ‘ॲनिमिझम’ म्हणजे जडप्राणवाद ही संकल्पना मांडली होती. वस्तुमात्रात आत्मा वास करतो ही समजूत धर्माची पहिली पायरी होय, असे टायलर यांचे प्रतिपादन होते. त्यांनी धर्माच्या उगमाविषयीच्या एका उपपत्तीसाठी योजलेला हा शब्द पुढे हिंदुस्थानच्या जनगणनेत एका धर्माचे नाव म्हणून वापरला गेला. सिद्धांत आणि समाज यांतील हा घोटाळा पुढील वादाच्या मुळाशी आहे.

जनगणनेतील आकडे या दृष्टीने उद्बोधक आहेत. साऱ्या देशात जडप्राणवादी म्हणून नोंदलेल्यांची संख्या १८९१ मध्ये सुमारे ९३ लाख, १९०१ मध्ये ८६ लाख, १९११ मध्ये १ कोटी ३ लाख व १९२१ मध्ये ९८ लाख होती. १९३१ मध्ये या रकान्याचे नाव ‘जमातींचे धर्म’ असे झाले व संख्या ८३ लाखांवर आली. १९४१ मध्ये धर्माऐवजी समाजानुसार वर्गीकरण करण्यात आले, तेव्हा ‘जमाती’ या सदराखाली एकदम सुमारे २ कोटी ५४ लाख लोक आले. दहा वर्षांत ही लोकसंख्या तिप्पट झाली नव्हती. केवळ रकाना बदलला होता. घरोघर जाणाऱ्या प्रगणकाला हिंदू कोठे संपतो व जडप्राणवादी कोठे सुरू होतो हे ठरविता येत नव्हते, आणि ज्याची नोंद व्हावयाची त्यालाही हा भेद अपरिचित होता.

या आकड्यांना राजकीय महत्त्व होते. प्रतिनिधित्व धर्मगटांच्या संख्येवर अवलंबून राहू लागल्यावर आदिवासींना हिंदूंत गणावे की नाही, हा वादाचा विषय बनला. १९३१ च्या जनगणनेचे आयुक्त जॉन हेन्री हटन (१८८५–१९६८) यांनी जमातींच्या धर्मांचा हिंदू धर्माशी असलेला निकटचा संबंध मान्य केला. तथापि त्यांची स्वतंत्र गणना कायम ठेवली. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जनगणना अधिकाऱ्यांच्याच कबुलीजबाबांचा आधार घेऊन हे वर्गीकरण निराधार ठरविले आणि आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हणावे, असा आग्रह धरला. व्हेरिअर एल्विन (१९०२–६४) यांच्या संरक्षणवादी भूमिकेवर त्यांनी कठोर टीका केली. घुर्ये यांची चिकित्सा पुष्कळ अंशी बरोबर होती. मात्र जुने नाव चुकीचे ठरल्याने नवे आपोआप बरोबर ठरत नाही. जडप्राणवादी या नावात ‘प्राथमिक’ अवस्थेचा ठपका होता, तर मागासलेले हिंदू या नावात दुसऱ्याच्या शिडीवरील खालची पायरी होती. ज्यांच्याविषयी हा वाद चालला होता, त्या वारल्यांचे मत दोन्ही पक्षांच्या मांडणीत जवळजवळ आढळत नाही.

त्या काळी वारल्यांपुढील प्रश्न निराळे होते. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारला १९३९ मध्ये सादर केलेल्या अहवालात डोंगरी जमातींच्या कर्जबाजारीपणाचे, वेठबिगारीचे व जमीनदारांच्या जुलमाचे चित्र आढळते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराच्या घरी बिनमोल राबावयाचे, अशी पद्धत होती. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या विवाहविधीत वारली श्रद्धेचे सर्वांत समृद्ध रूप प्रकट होई, तोच दास्याचे कारण ठरे. धर्माच्या रकान्यात ही गोष्ट कोठेच दिसत नाही. मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली लग्नगडी व वेठ या पद्धतींविरुद्ध लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांनी जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथात त्याची हकीकत सांगितली आहे. वारल्यांनी या लढ्यात स्वतःसाठी धर्मनाम नव्हे, तर माणूसपण मागितले.

अलीकडे काही अभ्यासक व कार्यकर्ते या श्रद्धेस निसर्गपूजा किंवा सर्वेश्वरवाद म्हणतात. हे नाव गौरवाने दिले जाते. परंतु तेही तपासून घेणे आवश्यक आहे. विश्व व ईश्वर एकच होत, हे सर्वेश्वरवादाचे सूत्र आहे. यूरोपात बारूक स्पिनोझा (१६३२–७७) याने ते तर्कशुद्ध रीतीने मांडले आणि तो निरीश्वरवादी म्हणून निंदेचा धनी झाला. या मतासाठी वेगळे नाव त्याच्या निधनानंतर रूढ झाले. ‘पँथीइस्ट’ हा शब्द जॉन टोलंड याने १७०५ मध्ये इंग्रजीत आणला. मराठीत ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवातील चिद्विलासाची कल्पना काहींनी सर्वेश्वरवादाशी ताडून पाहिली आहे. वारल्यांची धारणा याहून वेगळी आहे. वाघ, पाऊस, भूमी व धान्य यांचे देव पृथक् आहेत; त्यांचे स्वभाव, मागण्या व रुसवे पृथक् आहेत; आणि माणसाचा त्यांच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार आहे. सारे काही एकच आहे, असा सिद्धांत त्यांत नाही. सुशिक्षित नागर व्यक्ती चिंतनाअंती स्वतःला सर्वेश्वरवादी म्हणवून घेते, तेव्हा ती एक मत स्वीकारते. वारली माणूस नव्या भाताचा पहिला घास देवाला देतो, तेव्हा तो एक नाते पाळतो. दोहोंत निसर्गाविषयी आदर समान असला, तरी एकाचे नाव दुसऱ्याला चिकटविल्याने दोघांचाही नीट बोध होत नाही.

स्वतः घेतलेल्या नावाचे एक उदाहरण वसई परिसरातच आढळते. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेल्या उत्तर कोकणातील स्थानिक समाजातील पुढाऱ्यांनी गोव्याहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दर्शविण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले व संघटना स्थापली. सरकारी नोकऱ्यांतील स्थान हा त्यामागील एक उघड हेतू होता. वसईत मात्र सामवेदी, वाडवळ ही जुनी समाजनामेही टिकून आहेत. शिक्षण व संघटना असलेल्या समाजाला नाव निवडता आले, त्याच्या लाभहानीचा विचार करता आला आणि त्याच्या जोडीला जुनी नावेही राखता आली. डोंगरपट्ट्यातील वारल्यांना त्या काळी ही संधी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर जडप्राणवादाचा स्वतंत्र रकाना नाहीसा झाला. अनुसूचित जमातींविषयीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. म्हणून धर्माच्या रकान्यात काहीही लिहिले तरी वारल्यांचा अनुसूचित जमातीचा दर्जा कायम राहतो. धर्मांतरितांना या यादीतून वगळावे, अशी मागणी काही संघटना करीत आल्या आहेत; ती मान्य झाल्यास नावाला आज नसलेले वजन येईल. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही केंद्र सरकारच्या अधिसूचनेवाचून अनुसूचित जमातींना लागू होत नाही. २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांना सांकेतिक क्रमांक होते. इतरांनी धर्माचे नाव लिहून द्यावयाचे होते. त्यानुसार ‘इतर धर्म व पंथ’ या सदरात सुमारे ७९ लाख लोक आले व त्यांपैकी सुमारे ५० लाखांनी ‘सरना’ असे लिहिले. सरना धर्माला स्वतंत्र स्थान मिळावे, असा ठराव झारखंड विधानसभेने ११ नोव्हेंबर २०२० रोजी संमत केला. महाराष्ट्रातही आदिवासींसाठी वेगळ्या रकान्याची मागणी होत आली आहे. २०२१ ची लांबलेली जनगणना २०२७ साठी अधिसूचित झाल्याने हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

धर्मनामाच्या अभावी श्रद्धेला संरक्षण मिळत नाही, असे मात्र नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने रूढी व परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील खाणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी, डोंगरिया कोंध जमातीच्या धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा, असा निर्णय दिला. त्यानंतर बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. तेथे धर्माचे नाव नव्हे, तर डोंगर व त्याची पूजा हाच आधार ठरला. वारल्यांच्या बाबतीतही वाघदेवाचे स्थान, शिवेवरचे रान व लग्नचौक लिहिणारे हात टिकणे हे मूळ होय. त्या श्रद्धेला एखादे नाव द्यावयाचेच झाले, तर ते निवडण्याचा अधिकार तिचे पालन करणाऱ्यांचा आहे. आणि नाव न घेण्याचाही.